मदत हवी आहे: 'नाइस'चा अर्थ नेमका कसा पालटला?

नमस्कार मंडळी,

इंग्रजीतल्या 'नाइस' या शब्दाने मला पुरतं नादी लावलंय. मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियुस', म्हणजे अज्ञानी: 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. ('सायन्स'सुद्धा याच 'स्कीरे'तून आलाय, हे कळलं तेव्हा फार मजा वाटली!) जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तोही 'मूर्ख' याच अर्थाने. पुढे भित्रा, नखरेल, चोखंदळ, मग काटेकोर, आणि १८व्या शतकात 'छान, सुखद'. आजही 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, तर सूक्ष्म फरक. तिथे जुना अर्थ टिकून आहे.

'चोखंदळ'पासून पुढचा प्रवास मला पटतो. घोडं अडतं ते सुरुवातीलाच. मूर्खाचा चोखंदळ कसा झाला? 'भित्रा, लाजाळू' हाच मधला दुवा मानायचा का? भाषाशास्त्राचा अभ्यास असलेल्यांनी कृपया समजावून सांगा. त्या काळातली, दोन्ही अर्थ लागू पडतील अशी वाक्यं कुणाकडे असतील, तर अर्थासकट जरूर द्या.