क्रोसाँ (बटरचे पदर असलेला पाव) सँडविच ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) गरम करताना माथा करपतो, बूड ओलं राहतं. काय चुकतं?

दर्यापूरची सुगरण

बारा जणांसाठी गरम भाजलेले क्रोसाँ सँडविच करायचे आहेत. क्रोसाँ अमरावतीच्या बेकरीतून आदल्या दिवशी येतील. ओटीजी २८ लिटरचा, १५०० वॅटचा. आत किसलेलं मोझरेला, टोमॅटो, कांदा आणि गरम पनीर भुर्जी भरली आणि १८० अंशांवर १२ मिनिटं ठेवलं, तर वरचे पदर काळे, चीज अर्धवट कच्चं आणि बूड लिबलिबीत. संध्याकाळी लाईन कमी दाबाची असते, कधी जातेही. सहा जण शाकाहारी, सहा जण अंडं-चिकन खाणारे. नेमकं प्रमाण आणि कशानंतर काय करायचं ते सांगा जी. आणि क्रोसाँ घरीच केले तर? सध्या बाहेर ४३ अंश आहे.

परतवाडा_भट्टी

ताई, क्रोसाँ बेकरीत पूर्ण भाजून झालेला असतो. तुम्ही तो पुन्हा भाजताय, म्हणून माथा करपतो. आपलं काम दोनच गोष्टींचं आहे: आधी आतपर्यंत ऊब पोचवून चीज वितळवायचं, मग वरचे पदर कोरडे करायचे. पहिल्याला झाकण लागतं, दुसऱ्याला उघडी आच. दोन्ही एकाच दमात करायला गेलं की बिघडतं.

ओटीजी १६० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत. भरलेले क्रोसाँ ट्रेमध्ये एकमेकांना जेमतेम लागतील असे ठेवा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइल सैल झाका. १० मिनिटं झाकून, मग फॉइल काढून ३ ते ४ मिनिटं. शेवटच्या मिनिटांत तिथून हलू नका, कारण वरची अंड्याची किंवा दुधाची चकाकी फार लवकर काळी होते. २८ लिटरच्या ट्रेमध्ये सहाच नीट मावतात, म्हणून दोन घाण्या करा. पहिला घाणा शाकाहारी काढा, म्हणजे ट्रे मध्ये धुवावा लागत नाही.

आता कमी दाबाच्या लाईनीचं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १५०० वॅटचा ओटीजी जेमतेम ९२० वॅट देतो. म्हणून 'दहा मिनिटं प्रीहीट' (ओव्हन आधी रिकामा तापवणं) हा पुस्तकी आकडा आपल्याकडे संध्याकाळी चालत नाही, २०-२५ मिनिटं धरा. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या, बटणावरच्या आकड्यावर भरवसा नको. घरगुती इन्व्हर्टरवर किंवा फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ओटीजी लावू नका, त्यांना हा भार पेलत नाही. जमलं तर दाब चांगला असतो तेव्हा, दुपारीच, वाढायचा बेत ठेवा.

बूड ओलं होण्याचं कारण ओव्हन नाही, सारण आहे. गरम भुर्जी भरली की तिची वाफ आतच थंड होते आणि खालच्या पदरात मुरते. सारण पूर्ण गार झालं पाहिजे. टोमॅटोच्या बिया आणि गर काढा, फोडींना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्यावर टिपा. त्याहूनही बरं म्हणजे टोमॅटो, काकडी, कोबी असलं कच्चं सगळं भाजून झाल्यावर घाला. कच्चा कांदा तर आत नकोच, ओव्हनमध्ये तो नुसतं पाणी सोडतो.

मोझरेलापेक्षा अमूलच्या चीज स्लाइस इथे बऱ्या. प्रक्रिया केलेल्या चीजमधल्या क्षारांमुळे ते वितळताना तूप वेगळं सुटत नाही, आणि कमी उष्णतेतही एकसारखं मऊ होतं. एका क्रोसाँला एक स्लाइस, तिरपी कापून दोन त्रिकोण: एक खाली, एक सारणाच्या वर. खालचा त्रिकोण ओल अडवतो, म्हणून तो चुकवू नका. २०० ग्रॅमच्या पुड्यात १० स्लाइस येतात. बारांना दोन कमी पडतील, तेवढ्या जास्तीच्या आणा.

सहा शाकाहारींसाठी पनीर २५० ग्रॅम, चार हिरव्या मिरच्या, मूठभर सांबार (कोथिंबीर), मीठ. पनीर कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत ३-४ मिनिटं परता. सहा मांसाहारींसाठी सहा अंड्यांची घट्ट भुर्जी, दूध न घालता, किंवा २५० ग्रॅम शिजवून तंतू केलेलं बोनलेस चिकन. एका क्रोसाँत सारण चाळीसेक ग्रॅमच. जास्त कोंबलं तर आत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं करपतं.

कापताना क्रोसाँ गार आणि सुरी करवतीसारखी दातेरी हवी. बुडापासून एक तृतीयांश उंचीवर आडवा काप, मागची बाजू जोडलेली ठेवा. दाबू नका, दाबलेले पदर परत फुलत नाहीत.

वरुडचा_स्वयंपाक

वरचं सगळं पटलं. चटणीबद्दल सांगतो, कारण साधं बटर इथे नको, क्रोसाँत आधीच भरपूर आहे. दोन चमचे मोहरी पाट्यावर किंवा खलात जाडसर कुटा. गार पाण्याचे दोन चमचे घालून दहा मिनिटं ठेवा आणि मगच दोन चमचे व्हिनेगर, अर्धा चमचा गूळ, मीठ. हा क्रम महत्त्वाचा. मोहरीचा झणका गार पाणी लागल्यावर तयार होतो. व्हिनेगर आधी घातलं तर तो तयारच होत नाही आणि गरम पाणी घातलं तरी मरतो. एका क्रोसाँला अर्धा चमचा पुरे, वरच्या कापाला लावा, खालच्याला नाही. ठेचा लावायचा असेल तर तेलात परतलेला, कोरडा. पाण्यात वाटलेला ठेचा पुन्हा तीच ओल आणतो.

वरून तीळ हवेत तर फॉइल काढल्यावर माथ्यावर बटरचा हलका हात फिरवून पेरा. आधी पेरले तर फॉइलला चिकटून जातात.

लाईन गेलीच तर कढई. जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची मोठी कढई घ्या, नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवायची वस्तू नाही. तळाला बोटभर जाड मीठ, त्यावर तारेची जाळी, जाळीवर ताटली. घट्ट झाकून मध्यम आचेवर १२ मिनिटं तापवा, मग मंद करा. तीन-चार क्रोसाँ ताटलीवर ठेवून ८ मिनिटं झाकून, पुढची ४ मिनिटं झाकण एका बाजूने बोटभर उघडं. वाफ बाहेर जायला हवी, नाहीतर झाकणाचं पाणी वरच गळतं. इथे फॉइल नको, वरून कॉइल नाही तर करपणार काहून? माथ्याला रंग येणार नाही, पण पदर कोरडे होतात. ते मीठ गार करून डब्यात भरा, पुढच्या वेळी कामी येतं. तव्यावर दाबून भाजू नका, पदर चपटे होतात, आणि मायक्रोवेव्हने तर चामडं होतं.

परतवाडा_भट्टी

घरी करण्याबद्दल: ४३ अंशांत नका करू. क्रोसाँ म्हणजे कणकेचा एक थर, बटरचा एक थर. बटर घट्ट पण वाकणारं हवं, साधारण १४-१६ अंशांचं. २० च्या वर ते लिबलिबतं आणि ३५ च्या आसपास पूर्ण वितळतं. मग ते मैद्यात मुरतं आणि क्रोसाँऐवजी गोड पाव तयार होतो. घरचं लोणी घेऊ नका, त्यात पाणी कमी-जास्त असतं. तूप तर अजिबात नाही.

डिसेंबर-जानेवारीत, सकाळी स्वयंपाकघर २० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा करा. मैदा २५० ग्रॅम, गार दूध ७० मिली, गार पाणी ६५ मिली, साखर २५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, बटर २० ग्रॅम. थरासाठी वेगळं १२० ग्रॅम अमूल बटर. ते खारट असतं, म्हणून मीठ कमी धरलंय. फार मळू नका. तीन घड्या, प्रत्येक घडी तीन पदरी, मध्ये ४० मिनिटं फ्रीज: ३ × ३ × ३, म्हणजे बटरचे २७ थर. ४ मिमी जाड लाटून लांब त्रिकोण कापा आणि गुंडाळा, सात-आठ होतात. फुगवताना २६ अंशांच्या वर जाऊ नका, बटर तळाला गळतं. दोन-अडीच तासांनी ट्रे हलवल्यावर थरथरले की २०० अंशांवर १० मिनिटं, मग १८० वर ८-१०.

दर्यापूरची सुगरण

खूप उपयोगी. रात्रीच भरून फ्रीजमध्ये ठेवले तर चालेल का? आणि बेकरीचे क्रोसाँ खरे बटरचे आहेत हे कसं ओळखू?

वरुडचा_स्वयंपाक

भरून ठेवू नका ताई, ओल रात्रभर मुरते. नुसते क्रोसाँसुद्धा फ्रीजमध्ये नको. फ्रीजच्या थंडीत पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा पडतो. एक दिवसाचं असेल तर हवाबंद डब्यात बाहेर, जास्त दिवस असतील तर पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये. फ्रीजरचे थेट १६० वर, फॉइलखाली ५ मिनिटं ठेवून, गार झाले की मग कापून भरा. सारण मात्र आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर उलट बरंच.

बटरचा की मार्जरीनचा (तेलापासून केलेलं बटरसारखं) हे पाकिटावरच्या घटकांत लिहिलेलं असतं. सुटा घेतला तर एक तुकडा गारच खाऊन पाहा. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर मार्जरीन आहे, ते शरीराच्या उष्णतेला पुरतं वितळत नाही. तसा निघाला तरी सँडविचला चालेल, फक्त गरम असतानाच वाढा. आणि या उन्हात अंडं-चिकन-पनीर भरलेलं काहीही तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. म्हणून दुसरा घाणा पहिला वाढायला घेतल्यावरच भरा, सारण तोवर फ्रीजमध्ये.