बीटल्सची तबकडी आणि तीही ७८ गतीची?

प्रश्न: वडिलांच्या संग्रहात पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलची, बीटल्सची एक तबकडी निघाली. तिच्यावर ७८ गती (मिनिटाला ७८ फेरे) आणि ‘डीपीई’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे. ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास, म्हणजे बीटल्स प्रसिद्ध होण्यापूर्वीच, ७८ गती बंद झाली होती. मग ही अस्सल असेल का, आणि ती वाजवावी कशी?

प्रतिसाद १: अस्सल असण्याचीच शक्यता अधिक आहे. भारतात असंख्य घरांत वीज पोहोचलेली नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन वापरात होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात साठच्या दशकातही ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या. त्यांत बीटल्सही होते, आणि म्हणूनच परदेशी संग्राहक या भारतीय प्रतींसाठी जीव टाकतात. लेबलवरचे पौंडासारखे चिन्ह अवश्य न्याहाळा. ते पार्लोफोनच्या मूळच्या जर्मन लिंडस्ट्रॉम कंपनीच्या नावातले ‘एल’ आहे.

प्रतिसाद २: कृपया एलपीच्या (नंतरच्या, कमी गतीच्या तबकड्यांच्या) सुईने वाजवू नका. ७८च्या खाचा रुंद असल्याने साधारण ७५ मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सुई लागते. एलपीची २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच अधिक ऐकू येते. चावीच्या ग्रामोफोनवरही लावू नये, कारण त्याच्या जड साउंडबॉक्सने (सुई बसवलेल्या डबीने) खाचा झिजतात. स्पिरिटने तर मुळीच पुसू नका, लाख त्यात विरघळते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. चिन्ह स्पष्ट दिसते आहे. कडेला केसाएवढी चीर आहे. ती खाचांपर्यंत गेली असल्यास वाजवणे धोक्याचे ठरेल का?

प्रतिसाद २: होय. चीर खाचांत शिरली असेल, तर सुई तिच्यात अडकून तबकडीचा टवका उडू शकतो.