बुद्धाचं कॉमिक्स काढलं तर बिघडलं कुठे?

रेघोट्या: काल इथे एकाने लिहिलं की बुद्धाचं कॉमिक्स काढणं म्हणजे त्याला कार्टून करणं. डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय. सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणावरचा सिद्धार्थाचा गृहत्याग बघा, एकाच पट्टीवर त्याचा कंथक घोडा पुन्हा पुन्हा येतो, पाठीवर कोणी नाही, वर नुसतं छत्र, शेवटी पावलांचे ठसे आणि घोडा रिकामा परत. चौकटी नाहीत एवढंच, बाकी कॉमिक्सच आहे हे.

बोधी_नागपूर: मीच लिहिलं होतं ते. सांचीत बुद्ध माणूस म्हणून दाखवलाच नाही, हे तुम्हीच सांगताय! जपानी कॉमिक्सकार तेझुकाने १९७२ ते ८३ जपानीत बुद्ध काढला, त्यात तत्ता, चाप्रा ही त्याच्या मनाची पात्रं पानंच्या पानं खातात. माझी भाची विचारते, मामा तत्ता पुढे भिक्खू झाला का? काय सांगू तिला?

वाचनवेडी: तत्ताचं सोडा हो, खरा राग त्या म्हातारा-रोगी-प्रेत-संन्यासीचा येतो, म्हणे ही चार दृश्यं बघून सिद्धार्थाने घर सोडलं. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा बघितलाच नव्हता का, हे बाबासाहेबांनी विचारून किती वर्षं झाली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांचं भांडण, शाक्यांच्या संघात म्हणजे सभेत युद्धाचा ठराव, सिद्धार्थचा विरोध, हे काढा ना!

पोथीवाला: ते भांडण अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत आहे, पण बुद्ध झाल्यानंतरचं, तो जाऊन मिटवतो. गृहत्यागाशी असं जोडणं बाबासाहेबांचं.

वाचनवेडी: सरळ म्हणा की बाबासाहेबच नकोत. आणि चार दृश्यं तरी कुठली? पाली महापदान सुत्तात ती गौतमाच्या आधीच्या विपस्सी बुद्धाची आहेत.

पोथीवाला: माझ्या तोंडी काहीही घालू नका. आमच्या विहारात दर वर्षावासात बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात, आजी आजारी असायची तेव्हा तिच्या जागी मी वाचलंय. विपस्सीचं बरोबर आहे तुमचं, मानलं. पण अट्ठकथा काय सांगते हे बोलायचंच नाही का?

रेघोट्या: दोघंही सुत्तनिपातातलं अत्तदंडसुत्त वाचा, गृहत्यागाच्या कारणासाठी पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी त्याकडे बोट दाखवलंय. कमी पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांशी झगडणारी माणसं बघून मला भय वाटलं, असं तिथे बुद्ध स्वतः म्हणतो. आटलेली नदी, मासे, काठावर हत्यारं घेतलेली माणसं, सबंध पान द्या याला, शब्द एकही नको.

बोधी_नागपूर: या पानाला माझी ना नाही. पण तत्तासारखं एकही पात्र घुसवलंत तर पहिला विरोध माझाच.