पिकअपला टायर रुंद की उंच? मी 18ची रिम काढून 16ची घालतोय

भटका_मुलुंडकर
गाडी डबल कॅब पिकअप, कंपनीचा टायर 255/60 आर 18 (रुंदी 255 मिमी, बाजूची भिंत म्हणजे साईडवॉल रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंची). हा पावसाळा मुरबाड-जुन्नरच्या आडवाटा, दिवाळीनंतर कच्छ, पुढच्या जुलैत स्पिती.

दुकानात गेलं की जो तो 285 गळ्यात मारायला बघतो. दिसायला दणकट, कबूल. पण माझ्या मते टायर रुंद नको, उंच हवा. म्हणून 16ची रिम आणि 235/85. आताची साईडवॉल 255च्या 60 टक्के, म्हणजे 153 मिमी. 235/85ची 200. दगड आणि रिम यांच्यामध्ये जवळजवळ पाच सेंमी जादा रबर! टायरची उंची 763 वरून 806 मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली (आसाच्या मधला, खाली लोंबणारा गिअरचा गोळा) 21 मिमी जास्त जागा. आणि भातखाचरांच्या वाटेवर अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या कडक थराला पोचतो. रुंद टायर वरच्या वर गरगरतो. बोला.

रेतीतला_बैल
भातखाचराचं खरं, कारण तिथे खाली कडक थर असतो. कच्छच्या रणात वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखलच चिखल. तिथे कापत गेलास तर कापतच जाशील, मग ट्रॅक्टर शोध. पापुद्रा न फोडता वरून जायचं तर रुंदीच लागते. जैसलमेरच्या वाळूतही तेच. मी पाच वर्षं 285 वापरतोय, पस्तावलो नाही. (डिझेल भरताना पस्तावतो, ते वेगळं.)

आधी_हवा_काढा
दोघंही रुंदीवर भांडताय आणि हवेचं कुणी नावच काढत नाही. हवेचा दाब 32 पीएसआय म्हणजे सेंटिमीटर चौरसाला साधारण सव्वादोन किलो. एका चाकावर 550 किलो धरलं तर टायर सुमारे 245 चौरस सेंमी टेकणार, 235 असो की 285. रुंदीने फक्त त्या ठशाचा आकार बदलतो: रुंद टायरचा आडवा, अरुंदचा लांबट. हवा 16 वर आणा, ठसा जवळपास दुप्पट! वाळूत लांबट ठसा बरा, कारण रुंद टायर पुढ्यात वाळूचा ढीग ढकलत बसतो.

पण हवा काढायची तर साईडवॉल हवी. 153 मिमीच्या टायरची हवा 16 वर आणून स्पितीच्या वाटेवर ग्राम्फू-बातलच्या दगडांवर घाला, रिम वाकवूनच परत याल. त्यामुळे 16ची रिम घ्याच. डांबरावर यायच्या आधी कॉम्प्रेसर लावून हवा भरा, नाहीतर वळणावर टायर रिमवरून उतरतो.

रेतीतला_बैल
तुमचं गणित फुग्याला लागू. जाड प्लायचा (आत जास्त थरांचा) टायर घेतला तर त्याची साईडवॉलही काही वजन उचलून धरते, 16 पीएसआयला ठसा दुप्पट सोडा, दीडपटही होत नाही. मी पट्टीने मोजलंय, माझ्या गॅरेजमध्ये या.

आधी_हवा_काढा
मग 12 वर आणा. आणि सात-आठ किलो जादा वजनाचे टायर घेतलेच कशाला?

सीएसटी_रोडचा_पडीक
कुर्ल्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी विचारतो. 806चा टायर पिकअपच्या पोटाखाली स्टेपनीच्या जागेत बसतो का, हे मोजलंस? बऱ्याच गाड्यांत बसत नाही, मग स्टेपनी हौद्यात आणि सामान टपावर. दुसरं, घेर 5.6 टक्के वाढला की काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी साडेचौऱ्याऐंशीने पळत असेल. गिअर तेवढेच लांब होतात, म्हणजे चढाला जोर कमी, भरलेली गाडी माळशेजला दुसऱ्यात रडेल. आरटीओचं तर मी बोलतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ तपशील बदलण्याच्या विरोधात आहेत. अपघात झाला की विमावाले आधी टायर बघतात. आणि 235/85 तिकडे स्पितीत, काझात फाटला तर? मागवून वाट बघत बसशील.

भटका_मुलुंडकर
स्टेपनीचं डोक्यातच नव्हतं. आत्ता खाली जाऊन, स्टॅक पार्किंगमधून गाडी उतरवून टेप लावला (वॉचमन वैतागला). 780च्या वर काही बसत नाही.

मग 245/75 आर 16. उंची 774, साईडवॉल 184, काट्यात फरक दीड टक्क्याच्या आत. महिंद्रा थारच्या 16 इंची रिमवर कंपनीच हा साईझ देते, म्हणजे कुठेतरी मिळेलच. माझ्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला 16ची रिम येते, ब्रेकला घासायची भीती नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेणार नाही. आरटीओला काय म्हणायचं ते विचारून येतो.

बैलोबा, उंचीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, स्टेपनीपुढे वाकलोय. कच्छला तुम्ही पुढे चला.

रेतीतला_बैल
चालेल. ओढायचा दोर माझ्याकडे आहे, शॅकल (दोर गाडीला अडकवायची कडी) तू आण. लागणार तुलाच.