गाडी सोसायटीत उभी ठेवून खरंच पैसे वाचतात का?

घोडबंदरकर
महिन्याच्या पहिल्याच तारखेला घरात वाजलं. विषय पेट्रोल. ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं महापे, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. घोडबंदरच्या कोंडीत आमची गाडी लिटरला ११ च्या वर देत नाही, म्हणजे रोजचे ४ लिटर. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला १०० धरा (पंपावर त्याहून जास्तच जातात). दिवसाला ४००, २२ दिवसांचे ८,८००. यात सर्व्हिसिंग नाही, रविवारी सासुरवाडीला जाणं नाही.

तेव्हापासून दोन महिने झाले, गाडी उभी आहे. मी टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन गाठतो, ट्रान्सहार्बरच्या लोकलने घणसोली, पुढे शेअर रिक्षा. सगळं मिळून महिन्याला सव्वादोन हजारांच्या आत. माझं मत सांगतो, राग आला तर येऊ दे: पेट्रोलच्या नावाने बोटं मोडणाऱ्या निम्म्या लोकांना पेट्रोल महाग पडत नाही, चार सीटच्या गाडीत एकट्याने बसणं महाग पडतं. पटत नसेल तर आकडे मांडून बोला.

पाळणाघर सातला बंद
मांडते. मी वाघबीळहून ऐरोलीला जाते, स्कूटरने. जाऊन-येऊन ३४ किलोमीटर, स्कूटर ४५ देते. तुमच्याच भावाने दिवसाला ७५-८० रुपये. बस, ट्रेन आणि शेअर रिक्षा धरली तर तेवढेच जातात. म्हणजे दुचाकीवाल्यांना तुमचं गणित लागूच होत नाही, आणि ठाण्यात दुचाकीवाले किती आहेत ते कॅडबरी जंक्शनला सिग्नलवर उभं राहून मोजा.

तरी हौस म्हणून एक आठवडा करून पाहिलं. स्कूटरने ५० मिनिटं, तुमच्या मार्गाने पावणेदोन तास. पाळणाघर सातला बंद होतं, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला १०० रुपये. त्या आठवड्यात तीनदा उशीर झाला. पोरगा बॅग पाठीला लावून दारात बसलेला. तुमच्या वहीत घड्याळाचा रकाना नाही. आणि एक विचारू? तुम्ही नऊला घरी पोचता तेव्हा कुकर कोणी लावलेला असतो?

चेकनाका
ताई, सिक्सर.

करदाता क्रमांक एक
धागाकर्ते, तुम्ही आम्हाला बसमध्ये चढवताय, पण सरकार पेट्रोलवर किती कर घेतं ते कोणी विचारत नाही. २०२४ च्या जूनमधल्या राज्याच्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी पेट्रोलवरचा व्हॅट २६ टक्क्यांवरून २५ वर आणला. केवढा गाजावाजा! पंपावर फरक पडला ६५ पैशांचा. टक्क्यांच्या वर लागणारे लिटरमागे ५ रुपये १२ पैसे तसेच. केंद्राचं अबकारी शुल्क वेगळं, आणि पेट्रोल जीएसटीत यायचं नाव नाही. २०१७ पासून दर रोज बदलायची सोय आहे म्हणतात. कच्चं तेल चढलं की ती सोय आठवते, उतरलं की आकडा महिनोन् महिने जागचा हलत नाही. आणि काटकसर मात्र सामान्य माणसाने करायची.

घोडबंदरकर
करदाते, तुमचं सगळं मान्य. पण ६५ पैसे गुणिले ४ लिटर, दिवसाचे २ रुपये ६० पैसे. सरकार सुधारेपर्यंत मी रोज ४०० घालवत बसू का?

सेक्टर पाचचा मेकॅनिक
दोघंही भावावर अडकलात. गाडी ११ देते म्हणताय, जुनी आहे का? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकीत त्याने मायलेज ६-७ टक्के आणि दुचाकीत ३-४ टक्के पडेल, असं २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच होतं. म्हणजे तुमच्या ८,८०० मधले पाचशेच्या वर रुपये भाव न वाढता गेले. गिऱ्हाईक येऊन माझ्यावर डाफरतं, ‘सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज का पडलं?’ काय सांगू? टायरमधली हवा तेवढी दर पंधरा दिवसांनी बघा, फुकटात होतं.

तीन सीटर
माझे मिस्टर वागळे इस्टेटला रिक्षा चालवतात. इथे सगळे ‘शेअर रिक्षा’ एका शब्दात उरकतात, म्हणून लिहिते. मीटरचं कमीत कमी भाडं ऑक्टोबर २०२२ ला २१ चं २३ झालं, मग थेट १ फेब्रुवारी २०२५ ला २६. सव्वादोन वर्षांत तीन रुपये. त्या काळात सीएनजी खालीवर झाला, पण इन्शुरन्स, टायर, पासिंग आणि पोराची फी एकदाही खाली आली नाही. सीएनजीच्या रांगेत तासभर जातो, तो धंद्याचा तास. भाडं वाढलं त्या दिवशी एका साहेबांनी ‘लुटा’ म्हणून पैसे सीटवर टाकले. आमच्या घरी इंधन म्हणजे बजेटमधली एक ओळ नव्हे, त्यावरच बाकीच्या ओळी चालतात.

जांभळी नाका
गाडी नाही, स्कूटर नाही, मला काय, असं मलाही वाटायचं. पण नाशिकहून वाशीच्या मार्केटला आणि तिथून ठाण्यात येणारी भाजी डिझेलवर येते. भाजीवाली डिझेल म्हणत नाही, ‘माल वरूनच महाग आलाय’ म्हणते.

स्वयंपाकाचं सांगते, कारण इथे कोणीतरी इंडक्शनचा सल्ला देणारच. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, बिल दोन महिन्यांनी येतं. मी उत्साहाने इंडक्शन आणलं. गॅसचं बिल उतरलं, आणि महावितरणचं मीटर १०० युनिटच्या पलीकडे गेलं. पुढचं प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट भावाचं. वाचलेलं तिथे भरलं. उन्हाळ्यात तर एसीच १०० ओलांडतो, मग इंडक्शनचं प्रत्येक युनिट महागड्या भावानेच पडतं. आता ते फक्त दुधाला. डाळी आदल्या रात्री भिजवते, कुकरमध्ये एकावर एक तीन डबे लावते, शिट्टी झाली की आच बारीक. सासूबाई घासलेटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, त्यांना यात काही नवीन वाटत नाही. ‘तुम्ही बिल बघून शिकता, आम्ही रिकामा डबा बघून शिकलो’ म्हणतात.

चेकनाका
मग धागाकर्ते हरले का जिंकले?

घोडबंदरकर
हरजीत राहू द्या. कारबद्दल माझं मत बदललेलं नाही. एकट्याने ४४ किलोमीटर कार हाकणं हा माझ्यापुरता माज होता. पण स्कूटरला तोच न्याय लावला, ती चूक. आणि कुकरचा प्रश्न मी घरी मोठ्याने वाचून दाखवला, तेही चुकलंच म्हणायचं. बायको म्हणाली, ‘महिन्याचे साडेसहा हजार तू वाचवलेस? रोजचा दीड तास माझ्या खात्यातून गेला.’ आता असं ठरलंय की मंगळवारी आणि गुरुवारी, तिची ऑनलाइन मीटिंग असते तेव्हा, मी गाडी काढायची आणि सातच्या आत घरी. ऑफिसमधले दोघं मानपाड्याचे आहेत, ते पेट्रोलला वाटा देणार.

पाळणाघर सातला बंद
त्या दोघांना मीटिंग असली की ते तुम्हाला खाली थांबवून ठेवतील. अनुभव आहे. वेळ आधीच लिहून घ्या.