वारसाप्रेमी मंडळाचं सभासद होताना काय विचारावं?

प्रश्न:
जुन्या वास्तूंसाठी काम करणाऱ्या एका स्थानिक मंडळाचं सभासद व्हायचंय. महिन्याला एक सहल, अधूनमधून व्याख्यान, वर्षाला एक स्नेहसंमेलन असतं. इतिहासाचा अभ्यास नाही, मंडळात ओळखीचं कुणी नाही. वर्गणी भरण्याआधी काय पाहावं? आजीव सभासदत्व घ्यावं का?

प्रतिसाद १:
आजीव लगेच नको. आधी एका सहलीला पाहुणे म्हणून येऊ का, असं विचारा. सहलीत माहिती सांगणाऱ्याइतकंच सगळ्यांत मागे चालणाऱ्याकडे लक्ष द्या. नीट चालवलेल्या सहलीत शेवटी एक जबाबदार माणूस असतो आणि तो पोचल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. नाहीतर सावकाश चालणाऱ्यांची प्रत्येक ठिकाणी सुरुवातीची माहिती हुकते. एका माहितगारामागे 20-25 माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की उघड्यावर आवाज पोचत नाही आणि अरुंद जिन्यात खोळंबा होतो.

पैशांचं स्पष्ट विचारा. वर्गणीत सहल धरलेली आहे की तिचे वेगळे पैसे? रद्द केल्यास किती परत? बसचं भाडं अख्ख्या बसचं द्यावं लागतं, एक माणूस गळला तरी ते कमी होत नाही. म्हणून आयत्या वेळी पैसे परत न देण्याचा नियम असेल तर तो रास्तच आहे. मागच्या वर्षीचा अहवाल आणि तपासलेला हिशेब मात्र मागून घ्याच. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर थांबा.

प्रतिसाद २:
मंडळ नुसतं फिरतं की वास्तूसाठी काही करतं, हेही पाहा. करत असेल तर कसं? तारेच्या ब्रशने दगड घासणं, चुन्याच्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरणं म्हणजे सेवेच्या नावाखाली नुकसान. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवतं. मग ओल दगडातून वाट काढते, आतले क्षार पृष्ठभागाशी स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. स्मारकांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की जिथे मूळ रूपाबद्दल अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

शिलालेख वाचताना अक्षरांत खडू किंवा पीठ भरणारे असतील तर त्यांनाही थांबवा. विजेरी बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरली की सावलीने अक्षरं उठून दिसतात.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. गुडघे दुखतात, हे आधी सांगावं का?

प्रतिसाद १:
नाव नोंदवतानाच सांगा. ‘सोपी सहल’ एवढ्यावर विसंबू नका. पायऱ्या किती, कठडा आहे का, सपाटीवर चालणं किती, बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे, हे विचारा. आधी जागा पाहून आलेला आयोजक लगेच सांगेल.

प्रतिसाद ३:
ओळखी नाहीत म्हणून अडू नका. स्नेहसंमेलनात नावनोंदणीच्या टेबलावर बसायची तयारी दाखवा, तासाभरात सगळे भेटतात. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या सुमारास मंडळाचा खुला कार्यक्रम आहे का, तेही विचारून ठेवा.