बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचा ‘हो’ खरा कधी मानावा?

संगणक अभियंता, फोंडा
आमच्या भागातील एका प्रशिक्षण केंद्रात येणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा तरुणांना फोंडा ते पणजी हा बसप्रवास एकट्याने करता यावा, यासाठी मी आणि माझा सहकारी एक लहानसे ॲप तयार करीत आहोत. पहिला नमुना दाखवून ‘समजले का?’ असे विचारले, तेव्हा सहाही जण हसून ‘हो’ म्हणाले. प्रत्यक्ष बसस्थानकावर मात्र एकालाही पहिल्या पडद्याच्या पुढे जाता आले नाही. आता सगळे पालकांनाच विचारून ठरवावे, असे सहकारी म्हणतो. मला ते पटत नाही, पण दुसरी वाटही दिसत नाही.

विशेष शिक्षिका, म्हापसा
या मुलांना लहानपणापासून सर्वांत जास्त सवय कशाची लावली जात असेल, तर ती मोठ्यांना ‘हो’ म्हणण्याची. त्यामुळे तुम्हाला मिळालेला होकार समजल्याचा नसून तुम्ही नाराज होऊ नये म्हणून दिलेला असण्याचीच शक्यता अधिक आहे. प्रश्न विचारण्याऐवजी ‘यातून पणजीची बस शोधून दाखव’ असे काम द्यावे आणि गप्प बसावे. (गप्प बसणे सर्वांत कठीण, इतकी वर्षे शिकवूनही माझे बोट आपोआप पुढे जाते.) दोन पर्यायांतून निवड करायला सांगितली, तर पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा विचारावे, कारण काही जण शेवटी ऐकलेलाच पर्याय उचलतात.

चित्रे तुम्ही बहुधा तयार संचातून घेतली असावीत. ज्याच्या लेखी बस म्हणजे दारात लोंबकळत ‘पणजे, पणजे’ ओरडणारा कंडक्टर, त्याला ती काळी चौकोनी आकृती बस का वाटावी? त्यांच्याच हाती मोबाईल देऊन स्थानकावर फोटो काढू द्यावेत. जागा ते कशावरून ओळखतात, हे त्यातून कळते. भाषेचाही विचार व्हावा. आपल्याकडे अनेक घरांत बोलणे कोकणीत, वाचन मराठीत आणि बसची पाटी बहुधा रोमन लिपीत असते. लेखी मजकूर अगदी थोडा ठेवून सूचना घरच्या कोकणीत, ओळखीच्या आवाजात ऐकवल्या, तर अर्धे काम होईल.

एक भाऊ, मडगाव
माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. पालकांनी सही केली की परवानगी मिळाली, असे कृपया समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 13 नुसार कायदेशीर क्षमतेच्या बाबतीतही दिव्यांग व्यक्ती इतरांच्या बरोबरीच्या आहेत. तेव्हा त्या तरुणांनाही सोप्या शब्दांत विचारावे आणि मध्येच थांबण्याची मुभा द्यावी. शिवाय आम्हां घरच्यांची उत्तरे आमच्या भीतीतून येतात. ‘तो एकटा जाणारच नाही’ असे मीही छातीठोकपणे सांगितले असते.

मानधनाचेही पाहावे. एका कार्यशाळेत तज्ज्ञांना पाकीट आणि माझ्या भावाला बिस्किटांचा पुडा मिळाला. त्याला हिशेब जमत नाही, पण तो फरक त्याला बरोबर कळला.

वेब विकसक, पणजी
ॲप उघडताना ओटीपी मागत असाल, तर पहिल्याच पडद्यावर अडण्याचे ते एक कारण असू शकते. क्षणभर दिसून नाहीसे होणारे आकडे लक्षात ठेवून टंकणे, ही स्मरणशक्तीची परीक्षाच आहे. संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या मानकात नेमका हाच मुद्दा आहे: प्रवेश देताना अशी परीक्षा घेऊ नये, घ्यायचीच असेल, तर दुसरा मार्ग किंवा मदत करणारी सोय द्यावी. बसचे वेळापत्रक पाहायला मुळात ओळख पटवण्याची गरजच काय?

संगणक अभियंता, फोंडा
सर्वांचे आभार. ओटीपी होताच, तो काढून टाकला आणि सहाही जणांचे मानधन ठरवले. गेल्या शनिवारी त्यांना मोबाईल देऊन स्थानकावर नेले, तर चौघांनी बसचा किंवा पाटीचा नव्हे, पणजीच्या फलाटाशेजारी उभ्या असणाऱ्या भेळवाल्याचा फोटो काढला. त्याच्या संमतीने पहिल्या पडद्यावर आता तोच आहे. तो एखाद्या दिवशी आला नाही तर काय, असे सहकारी विचारतो. येत्या शनिवारी भेळवाल्याच्या गैरहजेरीत त्या चौघांनाच तिथे उभे करून, आम्ही गप्प बसून पाहणार आहोत.